घराचं लपवलेलं नाव

बोरगाव मेघे, सोमवार

प्रिय चि. सौ. मयुरी,

यातलं ‘सौ.’ लिहायला मला चौदा महिने लागले. पाणिनीची सूत्रं याहून लवकर पाठ झाली होती. हसू आलं तर हस. फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून मग फाड.

आपलं वायफाय आठवतं ना? मी भिडेपोटी शेजारच्या बापूरावांना पासवर्ड दिला, म्हणून मला चिडवायला तूच त्याचं नाव ‘अतिथी देवो भव’ ठेवलं होतंस. ते फारच खरं ठरलं. बापूरावांचं कीर्तन, त्यांच्या सुनेच्या मालिका, वरच्या भाडेकरूंचं क्रिकेट, सगळे देव आपल्याच डबड्यावर जेवत. ऑनलाइन वर्गात मी ‘रामः’ म्हणे आणि मुलांना नुसतं ‘रा’ ऐकू जाई. पासवर्ड बदलला की बापूराव भिंतीवरून नवा मागत, आणि तोंडावर नाही म्हणायची विद्या मला कोणत्याच गुरूनं दिली नाही. म्हणून तू जायच्या आधीच मी तो बदलणं सोडलं होतं. शेवटी केबलवाला गजेंद्र म्हणाला, “सर, नावच लपवून टाकतो ना! दिसनच नाई, तर मांगन कोन?” त्यानं नाव लपवलं आणि माझ्या नि आईच्या फोनात ते हातानं टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी बापूराव भिंतीवरून ओरडले, “गुरुजी, तुमचं वायफाय मेलं का जी? दिसूनच नाई राह्यलं!” मी म्हणालो, ईश्वरेच्छा.

आता जे कोणालाच सांगितलेलं नाही, ते सांगतो. कोणाचा फोन आपल्या वायफायला लागला, याची यादी माझ्या फोनात दिसते. बापूरावांना पकडायला मी ती पाहायचो. मार्चमधल्या एका गुरुवारी, दुपारी सव्वाला, त्यात ‘मयुरी’ दिसलं. सतरा मिनिटं. पुढच्या गुरुवारी, तुझ्या सुट्टीच्या दिवशी, पुन्हा. आई गुरुवारी कंपाउंडच्या भिंतीवर डबा का ठेवते, हे तेव्हा कळलं. तू बाहेर करंजाखाली उभ्याउभ्या जेवायचीस आणि ती आतून पाहायची. बोलणं नाही. कारण तू गेलीस त्या दिवशी मी तिला माझ्या जिवाची शपथ घातली होती: मयुरीशी बोलायचं नाही, फोन करायचा नाही. जेवू घालायचं नाही, एवढं म्हणायचं राहिलं. शास्त्रातली पळवाट तुझ्या आईला माझ्याहून बरी सापडते.

म्हणून दर गुरुवारी साडेबाराला मी वाचनालयात जाऊ लागलो. काय वाचलं, विचारू नकोस. घरी येऊन यादी उघडायचो. सतरा मिनिटं दिसली की मग मला घास जायचा.

आणि मग मी नाव लपवलं. तुझ्या फोनात ते हातानं कोण टाकणार होतं, हा विचार या पंडिताला शिवला नाही. त्या गुरुवारी यादीत तू नव्हतीस. समोरच्या तानाबाई म्हणाल्या, “पोरगी आलती, गुरुजी. मोबाइल पाह्यला, डोये पुसले, डब्याले हात बी नाई लावला.” ‘या घराचं नाव यापुढे तुझ्या तोंडी नको,’ हे माझेच शब्द मला तेव्हा आठवले. तुला वाटलं असेल, बापानं फोनातलंही नाव काढून घेतलं. मयुरी, ते बापूरावांसाठी होतं गं. शपथेवर सांगितलं असतं, पण शपथ घ्यायची माझी लायकी उरली नाही.

तीन गुरुवार गेले. आई डबा ठेवते, झाडावरच्या खारी तो सांडतात, ती संध्याकाळी उचलून आणते. गेल्या गुरुवारपासून तिनं जेवण सोडलंय. नुसता चहा, आणि वर साखरेच्या आजाराची गोळी. काल ओट्याशी चक्कर येऊन बसली. मी सगळं कबूल केलं, शपथ सुटली म्हणालो, हातापाया पडलो. ती म्हणते, “तुमच्या जिवाची हाय. तुमच्या म्हनन्यानं सुटते का? मी पहिले नाई बोलनार.” तुझा नंबर मी रागानं पुसला होता, तो तिला पाठ आहे, पण सांगत नाही. सावंगीला तुझ्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत दोनदा आलो नि परत गेलो. पोरी, मला आता काहीच सुचत नाही.

नाव पुन्हा उघडं केलंय. बापूरावांचं कीर्तन ऐकू येतंय. हे पत्र मी स्वतः अनुपरावांच्या भाजीच्या दुकानी देणार आहे. माझ्या बापानं गिरडच्या बाजारात वांगी विकून मला संस्कृत शिकवलं, आणि मी भाजीवाला जावई नको म्हणालो. हेही त्यांना तोंडानं सांगेन, जमलं तर. लिहिण्याचं कारण एवढंच, की शपथ तिला आहे, तुला नाही. गुरुवारी मी वाचनालयात जाणार नाही, आणि भिंतीवर डबा असणार नाही. आत तीन पाट मांडतो, अनुपराव आले तर चार. तू फक्त फाटकातून एक हाक मार. पहिली कोणाला मारायची, ते तू ठरव.

तुझाच,
बाबा