कोणत्या बोगद्यातून

४ नोव्हेंबर

माफ कर, वही. अकरा दिवस तुला हात लावला नाही. लिहिलं की खरं होईल, अशी भीती वाटत होती.

माझं हृदय खराब आहे. आपल्या दारव्ह्यात तपासणी केंद्र उघडलं, त्या दिवशी सगळ्यांच्या आधी जाऊन बसलो. पहिला नंबर माझा! छातीला वायरी लावल्या, आलेख दूरच्या मोठ्या डॉक्टरकडे गेला, तासाभरात उत्तर आलं. नर्सबाईंनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "आजोबा, जिना चढू नका. वजन उचलू नका. यवतमाळला दाखवा." तिथली तारीख अठराची मिळाली. अठरापर्यंत राहीन का?

५ नोव्हेंबर

अन्सारचा फोन. चाळीस वर्षं शेजारी गॅरेज चालवलं त्याने, आता मुकुटबनला मुलीकडे राहतो. मुलगी अस्मा तिथल्या केंद्रात नर्स. तेही त्याच दिवशी उघडलं आणि तिने पहिलं बापालाच बसवलं.

"अबे नरहर, तुह्यं इंजिन बसलं म्हणते! माह्यं पाह्य, शोरूममधून काढल्यासारखं!"

हसलो. मग तोच म्हणाला, "छातीत थोडं जळजळते. गॅस हाय. अस्मा लय मांगं लागलती, आता रिपोर्ट पाहून गप झाली."

मला हेवा वाटला. लिहायला लाज वाटते, पण वाटला.

८ नोव्हेंबर

शाल्मली नीट जेवत नाही. नात माझी, पुढच्या खोलीत बसून कंपनीचं काम करते. या केंद्रांच्या जोडणीचंच.

"काहून गं, काय झालं?"

"काही नाही आबा."

मी सोडलं नाही. मग सांगितलं. प्रत्येक केंद्रातून एक बोगदा येतो म्हणे. खरा नव्हे! केंद्राची माहिती एका पाकिटात, ते पाकीट आणखी मोठ्या पाकिटात. हा बोगदा कोणता, ते फक्त बाहेरच्या पाकिटावर. संगणकाच्या अगदी गाभ्यात एक छोटा प्रोग्रॅम बसवला आहे, तो पाकिटं वाटतो. पण त्याच्या हाती येईपर्यंत बाहेरचं पाकीट फाडलेलं असतं.

"गाभ्याला माहीत असतं आबा, कुठून आलं ते. पण प्रोग्रॅमला सांगायची सोयच या जुन्या गाभ्यात नाही. ती मी घालून राह्यली."

मी आठवी नापास, पण हे मला समजलं! एकतीस वर्षं डाकघरात थैले फोडले. थैल्याला बांधलेली चिठ्ठी, कुठून आला त्याची, आतला शेवटचा कागद जुळेपर्यंत टाकायची नाही. टाकली तर साहेब फाडून खायचे.

"पण आतल्या पाकिटावर काही असेलच ना?" मी विचारलं.

"यंत्राचा नंबर असतो." एवढंच बोलून उठली.

११ नोव्हेंबर

शाल्मलीचं फोनवर कंपनीच्या साहेबाशी भांडण. दाराशी उभा राहून ऐकलं. ऐकू नये, पण ऐकलं.

"सर, आधी ही सोय घालू, मग नवी केंद्रं जोडू... जोडली? कधी?"

त्याचं हसणं बाहेरपर्यंत आलं. "मॅडम, गाडी तर चालू द्या! नेमप्लेट मागून लावू."

मला पाहून म्हणाली, "आबा, सगळीकडे एकाच साच्यातली यंत्रं पाठवली. सगळ्यांचा नंबर पाच! आणि पेशंटचं नाव फुटू नये म्हणून नाव पाठवत नाहीत. यंत्र पाच, पेशंट एक. यंत्र पाच, पेशंट दोन. बस."

रात्रभर डाकघरातले थैले आठवत राहिले.

१२ नोव्हेंबर

नळ येऊन गेला. बादली उचलायची नाही, म्हणून बघत बसलो.

१३ नोव्हेंबर

अन्सार पुन्हा. जावयाच्या जीपचं इंजिन उतरवणार आहे रविवारी.

"मिस्त्री लाव ना," मी म्हटलं.

"मी मरून राह्यलो का? तू पड खाटेवर, पेन्शन खा!"

"आणि जळजळ?"

"ते काय नाय. डावा हात भरून येते जरासा. पाना धरून धरून."

फोन ठेवला.

१५ नोव्हेंबर

शाल्मलीचं जमलं! आता प्रोग्रॅम विचारतो, गाभा सांगतो — हे दारव्ह्याचं, हे फुलसावंगीचं. मी टाळ्या वाजवल्या. ती हसली नाही. बाहेरच्या दारावर आलेल्या पाकिटांची न फोडलेली नक्कल जपलेली असते. ती पहिल्या दिवसापासून पुन्हा प्रोग्रॅममधून सोडून पाहणार आहे. चुकलेली किती, ते उद्या कळेल.

१६ नोव्हेंबर, रविवार

शाल्मली माझ्यापुढे खाली बसली. हात हातात घेतला. "आबा, तुमचं हृदय चांगलं आहे." आणि रडायला लागली.

यंत्र पाच, पेशंट एक. तो खराब आलेख मुकुटबनच्या बोगद्यातून आलता.

दहा वेळा फोन लावला. अन्सार उचलत नाही. अस्मा उचलत नाही. केंद्राला आज सुट्टी. शाल्मली गाडी पाहायला गेली, आम्ही निघतो आहोत. बाबा रे, इंजिनाला हात लावू नको. नुसता एक मिस्ड कॉल दे. शिवी दे. पण कळव, लवकर कळव.