बाकावर चढलेले हेडमास्तर

पनवेल,
६ सप्टेंबर १९६३

तीर्थरूप बाबांस सॅमसनचे शालोम व नमस्कार.

माझा खोकला गेला, असे आईला सांगावे. तिचे गुडघे कसे आहेत?

काल शाळेत शिक्षकदिन झाला. मुलांनी वर्ग घेतले आणि मास्तर बाकांवर बसले. मी शिपाई, घंटा देत होतो. सातवीतली एक कोळ्यांची मुलगी आईचे लुगडे नेसून आली होती. ती हेडमास्तरांवर ओरडली, "गृहपाठ नाय आणला? चढा बाकावर!" ते निमूट चढले. सगळे हसले. मला मात्र हसू येईना.

माझी धाकटी बहीण मझलही सातवीतच आहे. नव्याच्या सणाला आपले यहुदी वर्ष लागले, की तिला घरी बसवणार, असे आपण लिहिलेत. बाबा, मी सणाला येईपर्यंत तिचे नाव शाळेतून काढू नये. आपल्या घरातून मी पाचवीत शाळा सोडली, तेवढे पुरे.

आपला आज्ञाधारक,
सॅमसन