मोटार भरायचं वर्ष

प्रिय ऋतुजा,

हे पत्र तू एकटीनं वाच. मग नवऱ्याला दाखवायचं का चुलीत सारायचं, ते तू ठरव. फोनवरच बोलले असते, पण सोमेश्वरला फोनचा आवाज मोठा करून बोलायची खोड हाय, आणि तुमच्या ऊसतोडीच्या टोळीतल्या साऱ्या कोप्या-झोपड्यांना तो ऐकायची. आश्रुबा संक्रांतीला गावी आलता, उद्या परत कारखान्याकडं निघेल, त्याच्या हाती देते. लिहायला तेजश्रीला बसवलंय. हो, तुझी जागा जिला मिळाली तीच; बीडहून चार दिवसांच्या सुट्टीला आलीय. मास्तरांना सांगता आलं असतं, पण ते सगळं शुद्ध करून लिहितात, आणि मला हे शुद्ध करून नको.

इकडचं सांगते. शेळी व्याली, दोन्ही बोकडं झाली, म्हणजे तिनंही माझं ऐकलं न्हाई. कडूबाई गुडघ्यामुळं यंदा उसाला गेली न्हाई. दिवसभर माझ्या ओट्यावर बसून माझ्याच गुडघ्याची चौकशी करते. आसारामच्या विहिरीवरची मोटार पुन्हा जळाली. पोत्यात बांधून नेकनूरला नेली, नऊ दिवस झाले, दुकानदार रोज उद्या ये म्हणतो. तोवर त्याच्या ज्वारीनं माना टाकल्या. गेल्या उन्हाळ्यात तू बीडहून सुट्टीला आलतीस तेव्हा हीच मोटार आपल्या अंगणात उघडली होतीस. पदर खोचून, हातात पाना घेऊन. अख्खी गल्ली गोळा झाली. आतली काळी पडलेली तार तू बाहेर काढलीस, कुठून जळत आली ते बोटानं दाखवलंस. आसाराम म्हणाला, मग नवी तार भर की आता. तू म्हणालीस, "भरायला दुसऱ्या वर्षी शिकवतात, मामा." मी चेष्टा केली, की आमच्या सुनेला नुसतं उसकटायला शिकवलंय. लोक हसले, तूही हसलीस.

ते दुसरं वर्ष तुला मिळालं न्हाई. पंचमीला तू आष्टीला माहेरी गेलीस, मागून बीडचे सर कागद घेऊन आले, घरची थोरली म्हणून मी अंगठा दिला आणि तुझी जागा गेली. अडाणी म्हातारीला फसवलं, असं सगळ्या गावानं धरलं. तूही तसंच धरलंस.

पोरी, आजवर सरकारनं आपल्या बायांना लई शिकवलं. तीन दिवसांत अगरबत्ती, आठ दिवसांत शिवण, एका दुपारीत लोणचं. चहा, फोटो, सर्टिफिकेट, राम राम. कडूबाईकडं असली पाच सर्टिफिकेटं हायेत, पत्र्याच्या फटीतून वारा येऊ नये म्हणून लावलीत, आणि गुडघा जाईतो ती ऊसच तोडत होती. म्हणून ऊसतोड्यांच्या पोरीसुनांना दोन वर्षं बीडला ठेवून घेणार, राहणं, खाणं, वर महिन्याचा खर्च सरकारचा, आणि मोटारी-बिटारीचं पक्कं काम शिकवणार, असं कळलं तेव्हा मी आधी हसले. सरकारला एवढा धीर कुठून आला? पण तुला पाठवा म्हणून सोमेश्वरच्या मागं लागले ती मीच. तुझी ट्रंक मी भरली. एसटी हलली तेव्हा मी तुला म्हणाले, आता रडलीस तर उतरवून घेईन. ते सगळं खरं होतं. त्यात खोट धरू नकोस.

आता जे तुला ठाऊक न्हाई ते सांगते. नवरा-बायको मिळून एक कोयता, हे काय तुला सांगायचं. तू बीडला गेलीस आणि माझा नातू अर्धा कोयता झाला. मुकादमानं त्याची जोडी नाथाशी लावली. नाथाला दहा पावलं चाललं की खोकला. मग तोडायचा बी सोमेश्वरनं, मोळ्या बांधायच्या बी त्यानं, आणि डोक्यावर घेऊन गाडीपातूर न्यायच्या बी त्यानंच. बायका त्याला वहिनी म्हणून हाक मारायच्या. गडी अर्ध्या म्हणायचे. चैतात घरी आला तेव्हा मान एका बाजूला धरलेली. कुणी हाक मारली तर अख्खा वळायचा, बैलासारखा. मी तेल लावायला बसले तर म्हणाला, "आजी, ऋतुजाला सांगू नको, ती सोडून येईल." आई-बाप नसलेलं पोर मी ह्या हातानं वाढवलं. तू सुट्टीला आलीस तेव्हा महिनाभर तो तुझ्यासमोर मान ताठ ठेवून वावरला. तू मोटार उघडत होतीस, सगळे तुझ्याकडं बघत होते. मी त्याच्याकडं बघत होते.

सर आले त्या दिवसाचंही सांगते. गावानं त्यांना काय काय शिव्या दिल्या ते तू ऐकलंस. सोमेश्वर तर त्यांना मारायला निघाला होता. ते माणूस वाईट न्हाई. चप्पल बाहेर काढून आत आले, माझ्या हातचा चहा प्याले. त्यांनी नंतर सांगितलं होतं, मी म्हातारीला वाचून दाखवलं म्हणून. कुणी ऐकलं? आपल्याकडं एका बाजूला साहेब आणि दुसऱ्या बाजूला अडाणी बाई असली, की खरं कोण बोलतंय ते आधीच ठरलेलं असतं. त्यावरूनच त्यांची बीडहून लांब कुठं तरी बदली झाली, असं तेजश्री सांगते. तिच्या वर्गात पोरी म्हणतात, तसं शिकवणारं दुसरं कुणी आलं न्हाई. पुढच्या साली नवीन पोरी घेणार का न्हाई, हेही कुणाला ठाऊक न्हाई. तुझ्यासाठी तिनं दोनदा विचारलं. एकदा सोडलेल्या बाईला परत घेत न्हाईत. मी खोटी आशा लावत न्हाई.

काल आश्रुबानं तू दिलेली पिशवी आणून दिली. मला वाटलं काकवी असंल. निघाली कागदात गुंडाळलेली पाटी आणि पेन्सिलींचा डबा. वर तुझा निरोप, की आजी, गावाला आले की आधी तुमच्याकडून नाव गिरवून घेणार, पुन्हा कुणी तुम्हाला फसवायला नको. रात्रंदिवस मोळ्या वाहून हात सोलपटलेली पोर बाजाराच्या दिवशी माझ्यासाठी पाटी शोधत फिरली. तेव्हापासून भाकर गोड लागंना. ऋतुजा, मला कुणी फसवलं न्हाई. सरांकडं दोन कागद होते. एक तुझी जागा राखायचा, एक सोडायचा. दोन्ही त्यांनी वाचून दाखवले, दोनदा, सावकाश, जसं तू मला फोनमधलं वाचून दाखवतेस तसं. म्हणाले, सूनबाईंना विचारा, मी परवा परत येतो. मी म्हणाले, विचारायचं काय. कुठल्या कागदावर अंगठा देतेय ते मला चांगलं ठाऊक होतं. मग तू आलीस आणि मी म्हणाले, मला अडाणीला काय कळतंय. एवढं म्हणायचा अवकाश, पुढचं सगळं तुम्हीच रचलंत. सोमेश्वरच्या मानेसाठी केलं, असं मी मनाला सांगत आले. ते निम्मं खरं. निम्मं असं, की त्या दिवशी अंगणात तुला बघून मी जळले. मी तीस वर्षं ऊस तोडला, फडात बाळंत झाले, चौथ्या दिवशी मोळी उचलली. माझ्यासाठी सरकार सोड, नवरा बी दोन दिवस थांबला न्हाई. हे बोलताना तेजश्रीनं लिहायचं थांबवलं. तिला म्हटलं, लिही बाई, तुझ्या अक्षरात असलं तरी ते माझंच हाय. येत्या बुधवारी तिच्यासंगं बीडला जाते. सरांच्या वरच्या साहेबापुढं हेच सांगणार हाय. तुझं वर्ष त्यानं परत यायचं न्हाई. त्या माणसाच्या नावावरचा डाग तरी जाईल. पाटी मी कागदातून अजून सोडली न्हाई. एवढं वाचून बी मला शिकवावंसं वाटलं, तर आल्यावर तूच सोड.

तू म्हणू दिलंस तर तुझीच,
भामाआजी