बेडकीचा सायलेन्सर

१२ जानेवारी
सकाळी नागपूरहून प्रशांतचा फोन. तिथल्या एका जुन्या गाड्यांच्या शौकिनाला बेडकी पाहिजे, आहे तशी. स्वतःच ट्रक पाठवतो म्हणे. मी म्हटलं, बाबांना विचारते. पोरगा म्हणाला, "आई, बाबा काय सांगणार आहेत?"
खरं आहे. ऑगस्टात लकवा मारला तेव्हापासून ह्यांना कळतं सगळं, पण तोंडातून भलताच शब्द निघतो. पाणी पाहिजे, गुरुवार. ऊन लागलं, गुरुवार. हो आणि नाही यांचा तर पत्ताच लागत नाही.
फोन ठेवून शेडमध्ये गेले. पाच महिन्यांत पहिल्यांदा. गाडी चार लोखंडी घोड्यांवर चढवलेली, तशीच. बॉनेटवरचे दोन गोल दिवे धुळीनं आंधळे झालेले. त्या दिव्यांच्या डोळ्यांवरूनच कॉलनीनं तिला बेडकी नाव पाडलं होतं. खाली जुना सायलेन्सर अर्धा सोडवलेला, मागचं टोक तारेनं बांधून ठेवलेलं. पाना जमिनीवर. हे पडले तेव्हा त्याच्याच खाली होते.
दार लावून घेतलं. भाजी करपली.

१३ जाने.
एक गोष्ट लिहून ठेवते. ही गाडी मला कधी आवडली नाही. लग्न होऊन माजरीला आले तर हे खाणीच्या वर्कशॉपात फिटर, आणि दारात ही. जुन्या साहेबाच्या बंगल्यामागे पडली होती, कोंबड्या अंडी घालायच्या तिच्यात. बंगला रिकामा झाला तेव्हा ह्यांनी मागून घेतली. बत्तीस वर्षं सुट्टीचा दिवस तिच्या खाली. जेवायला बोलावलं की खालून फक्त पाय हलायचे.

१५ जाने.
ह्यांना खुर्चीवर शेडमध्ये नेऊन बसवलं. वाटलं होतं रडतील. नाही रडले. डाव्या हातानं जमिनीवरच्या पान्याकडे दाखवलं. दिला. नको. दुसरा दिला, तोही नको. "गुरुवार, गुरुवार," आणि चेहरा लाल. मी पेटीतले सगळे पाने पायाशी ओतले. मग अचानक म्हणाले, "एक, दोन, तीन, चार." आणि थांबले. माझ्याकडे पाहत राहिले.
चार! चार सुती!
इंग्लिश गाडीला सुतीचे, म्हणजे इंचाच्या मापाचे पाने लागतात, एवढं तरी बत्तीस वर्षांत कानावर पडलंच ना. चार सुती काढून हातात दिला. त्यांनी परत माझ्याच हातात दिला आणि गाडीच्या खाली बोट दाखवलं.
मी म्हटलं, मी? या वयात?
"हो." त्यांचा हो. कसला हो देव जाणे.

१६ जाने.
गेले खाली. जुनं पोतं अंथरून, ह्यांचा वर्कशॉपातला शर्ट घालून. अंगणवाडीत तीस वर्षं लेकरं सांभाळली, पण गाडीला खालून असं पोट असतं हे आज पाहिलं. पुढून एक नळी इंजिनातून उतरते, डाव्या बाजूनं मागे जाते, मागे तो डबा, त्याच्या मागे शेपूट. नळीला मध्येच भोक, बोट जाईल एवढं. गंज डोळ्यात गेला.
एकही नट सुटला नाही.

२० जाने.
चार दिवस रोज नटांना डिझेल पाजतेय. आज एक फिरला! दुसऱ्यावर जोर दिला तर पाना सटकला, बोटाची साल गेली. माझ्या आधी ह्यांनीच शिवी हासडली. स्वच्छ, आखूड, एकही अक्षर इकडचं तिकडे नाही. मी खाली पडल्या पडल्या हसत सुटले. तेही हसले. अर्धा चेहरा हसतो, अर्धा नुसता पाहतो. तेवढं पुरे.
लेकीला, मीनलला फोन करून सांगितलं. ती गडचिरोलीला दवाखान्यात नर्स आहे, तिला असल्या गोष्टी समजतात. म्हणाली, शिवी, गाणं, मोजणी हे सगळं दुसऱ्या कप्प्यात असतं आई. बाबांना मोजू दे. भरपूर मोजू दे.

२४ जाने.
प्रशांत: "मग काय सांगू त्यांना?" मी म्हटलं, सायलेन्सर लागू दे. अर्धी उघडी गाडी द्यायची का लोकांना? "त्यांना चालते तशी." मले नाही चालत, म्हटलं.
त्याचं चुकत नाही. आम्ही दोघांनी नागपूरला त्याच्याकडे यावं म्हणतो. तिसऱ्या मजल्यावर बेडकी कुठे ठेवणार.

२७ जाने.
मडावीभाऊ आले. ह्यांच्याच वर्कशॉपात गॅस वेल्डर होते, सोबतच रिटायर झाले. लकव्यानंतर दोनदाच येऊन गेले होते. ह्यांच्यासमोर काय बोलावं सुचत नाही म्हणायचे. आज मला गाडीखाली पाहून दारातच उभे राहिले.
सायलेन्सरची जुनी लाईन दोघांनी मिळून उतरवली. अंगणात ठेवली तर मेलेल्या सापासारखी. मडावीभाऊंनी भोक दाखवलं आणि विचारलं, "वहिनी, तुमचं डोकं दुखे ना गाडीत?"
दुखायचं. मागच्या पावसाळ्यात मीनलकडे गेलो तर मूल गावापर्यंतच डोकं धरून बसले होते. ह्यांना म्हटलं होतं, तुमच्या गाडीत मी पुन्हा बसणार नाही.
"ह्या भोकातून धूर तुमच्याच पायाशी येत होता. मले दुसऱ्याच दिवशी सांगून गेला हा. म्हने, तिच्या बाजूनं गळते, आता पुरा सायलेन्सरच बदलतो. ठिगळ नाई लावत."
मी चहा ठेवायला आत गेले. चहा उकळून उकळून निम्मा झाला.
ह्यांनी मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. तेव्हा तर बोलता येत होतं.

३० जाने.
नवीन सायलेन्सर इथे कुठे मिळणार. बसनं राजुऱ्याला गेले. जुना डबा पोत्यात घालून मांडीवर घेतला होता. शेजारच्या बाईला वाटलं बाळ आहे. एका दुकानात दुसऱ्या कुठल्या गाडीचा त्याच मापाचा डबा मिळाला. दुकानदाराला लांबी ठासून सांगितली, इनलेट किती आउटलेट किती. तो म्हणाला, बाई, गॅरेज आहे काय तुमचं? हो म्हटलं.
येताना खिडकीतून पाहिलं, पळस फुलायला लागून राहिला आहे.

४ फेब्रु.
वाईट दिवस. हे शेडमध्ये यायला तयार नाहीत. व्यायामाचा चेंडू फेकला. ताट सरकवलं. मी पण बोलले, बोलू नये ते बोलले. मग दोघं अंगणात दोन टोकांना.
उजवा हात तसाच. बोटं उघडतात, मिटत नाहीत.

५ फेब्रु.
सकाळी स्वतःच काठी घेऊन शेडच्या दाराशी जाऊन उभे. मी कुलूप काढलं.

११ फेब्रु.
आज नळी वाकवली. आधी गाडीखाली जाड तार धरून जुन्या वळणांचा नमुना केला, तीन वळणं. मडावीभाऊंनी नवी नळी कोरड्या वाळूनं ठासून भरली, दोन्ही टोकांना लाकडी बूच. वाळू नसली तर वाकताना नळी चपटते म्हणे. गॅसच्या ज्वाळेवर लाल केली आणि हळूहळू वाकवली. पहिलं वळण झालं. दुसऱ्याला हात घातला तर ह्यांची काठी खुर्चीच्या पायावर, ठक ठक ठक. "गुरुवार!"
मडावीभाऊ थांबले. मी तार पुन्हा धरून पाहिली. उलटी! तार आम्ही पालथी धरली होती. वळण चाकाच्या बाजूला गेलं असतं.
मडावीभाऊंनी ज्वाळा बारीक केली, चष्मा वर केला. "तुह्या डोक्यातला फोरमन जागीच आहे बे," म्हणाले, आणि मग ह्यांच्याजवळ बसून एकटेच बोलत राहिले. वर्कशॉप, पाळ्या, कोण मेलं, कोण कुठे गेलं. हे ऐकत होते. जायला निघाले तेव्हा ह्यांनी त्यांचा हात धरून ठेवला बराच वेळ.

१९ फेब्रु.
नळी बसली. पुढे इंजिनाशी दोन फाकांचा क्लॅम्प असतो, तो आवळताना दोन्ही बोल्ट सारखे फिरवावे लागतात, नाही तर एका बाजूनं गळतं. हे खुर्चीवरून मोजत होते, एक, दोन, तीन, मी तेवढे आटे द्यायची. मग दुसरा बोल्ट, पुन्हा एकपासून. कधी सहापर्यंत जाऊन हात वर करायचे. थांब.
डबा टांगायला ट्रकच्या ट्यूबचे पट्टे कापले.
रोज दोन तास मी ह्यांच्या पायाशी पडलेली, ते वर. लग्नाच्या इतक्या वर्षांत इतकं एकमेकांकडे लक्ष दिलं नसेल.

२३ फेब्रु.
कुणाला सांगायचं नाही, म्हणून इथे. गाडी मलाच ठेवावीशी वाटून राहिली आहे.

१ मार्च
नवं पेट्रोल, मडावीभाऊंची बॅटरी. स्टार्टरची दांडी ओढायला मी बसले. चौथ्या वेळेला धरलं. आवाज! आधी नुसता खोकला, मग एकसारखा, जाड, खालच्या पट्टीतला. जुना फाटका आवाज नाही. पोपट उडाले जांभळीवरचे.
मडावीभाऊंनी मला खाली पाठवलं गळती ऐकायला. ह्यांनी डाव्या हातानं चिंधी घेऊन मागची शेपूट दाबून धरली. कुठे फट असली तर आता फुसफुसते. पुढून मागे कान नेला. क्लॅम्पपाशी नाही. वळणांवर नाही. डब्यापाशी नाही. कुठेच नाही.
बाहेर आले तर हे वाकलेले, चिंधी धरून, आणि डोळ्यांतून धारा.
मी इंजिन बंद केलं. चावी हातात घेऊन समोर बसले आणि विचारलं. प्रशांत म्हणतो तो माणूस पुढच्या रविवारी येणार आहे. गाडी द्यायची का?
"हो."
ठेवायची का?
"हो."
मग डोळे मिटून घेतले. ओठ जुळवत होते. मडावीभाऊ दुसरीकडे पाहत होते. ह्यांनी डावा हात पुढे केला आणि एकच शब्द काढला. अगदी साफ. गेल्या सात महिन्यांतला पहिला, जागेवरचा.
"दे."

२ मार्च
दे म्हणजे काय?
गाडी देऊन टाक, की चावी दे. हात तर चावीकडेच केला होता. पण मी चावी दिली तर मुठीत धरून बसले आणि मानच हलवेनात. मडावीभाऊंचं म्हणणं, चावीच. मीनल म्हणते, आई, विचारू नकोस सारखं, ताण येतो. प्रशांतला शब्द सांगितला तर तो लगेच, "बघ, दे म्हणाले ना बाबा." आणि आवाजावरून वाटलं त्यालाही ते पटलं नव्हतं.
चालू गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची म्हणून तर इतकं करवून घेतलं नसेल? त्यांचा स्वभाव तसाच. अर्धं काम कुणाला दिलं नाही कधी.

४ मार्च
घोडे काढून गाडी खाली घेतली. मडावीभाऊ मला कॉलनीच्या जुन्या मैदानात गाडी शिकवून राह्यले. पुढे, मागे, ब्रेक. पहिला गिअर कुरकुरतो. "कुरकुरू द्या, वहिनी. तिची सवय आहे," म्हणतात.
मोहाची फुलं पडायला लागली. मडावीवहिनी पहाटेच टोपली घेऊन जातात. त्यांनी वाटीभर दिली.

७ मार्च
उद्या रविवार. प्रशांत त्या माणसाला घेऊन सकाळी निघणार.
दुपारी चारला हे स्वतःहून गाडीजवळ गेले. दार धरून, डावीकडे, माझ्या जागेवर बसले. मी उजवीकडे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा उलटे. पाय लांब करून त्यांनी खाली पायाशी वाकून वास घेतला. मी विचारलं, येतो का धूर?
मैदानाच्या पलीकडे, खाणीच्या बंद रस्त्यावर घेतली. पहिल्यात जात राहिले. इंजिन ओरडायला लागलं, दुसरा टाकायला हवा होता, पण एका हातानं स्टिअरिंग धरायची भीती वाटत होती. तेव्हा ह्यांनी आपला उजवा हात डाव्यानं उचलला आणि गिअरच्या दांड्यावर ठेवला. नुसता ठेवला. बोटं मिटत नव्हती. मी क्लच दाबला आणि माझा डावा हात त्यांच्या हातावर ठेवून दोघांचा मिळून मागे ओढला.
पडला दुसरा.
त्यांनी हात काढला नाही. मीही नाही. खाली त्यांची बोटं माझ्या तळव्यात हलल्यासारखी वाटली, गाडीच्या थरथरीनं की कशानं. पर्समध्ये फोन वाजायला लागला, प्रशांतचाच असणार. वाजून वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. रस्ता पुढे सरळ होता, दोन्ही बाजूंनी पळस.