पुढे लाल दिवा

प्रिय मेहुणेबुवांस,

साष्टांग नमस्कार. (वयानं मी मोठा, म्हणजे खरं तर आशीर्वाद लिहायला हवा. पण सध्या मी तुझ्या बाबांच्या खेळण्यातल्या आगगाडीच्या टेबलाखाली पालथा पडून तारा शोधत असतो, तेव्हा साष्टांग आयताच घडलेला आहे, तो तुझ्या नावे करतो.) तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालतो. माझी विचारू नकोस. कंबर धरली आहे, मान एकाच बाजूला वळते, आणि दुकानात औषध घ्यायला आलेली गिऱ्हाइकं उलट मलाच विचारतात, तुम्ही काही घेता की नाही म्हणून. तुझी ताई ठणठणीत आहे. सकाळ-संध्याकाळ खोलीच्या दारात येते, "झालं का?" एवढंच विचारते आणि उत्तर न ऐकता निघून जाते.

तर विषय तू पाठवलेल्या इंजिनाचा. खोक्यात दोन ओळींची चिठ्ठी घातली असतीस तर तुझं काय जात होतं कोण जाणे. मागच्या खेपेला तू बाबांना म्हणालास की ही खोली आता मोकळी करा, या वयात खेळणी शोभत नाहीत. बाबांनी तुला दार दाखवलं. आणि तेव्हापासून तुमचं दोघांचं बोलणं बंद. मग एके दिवशी अचानक पार्सल, आत इंजिन! बाबांनी ते उलटंपालटं करून पाहिलं, रुळावर चढवलं आणि बटण फिरवलं. इंजिन झोकात निघालं, पण पुढे लाल दिवा आणि मागे पांढरा. (पुढे पांढरा, मागे लाल, एवढं तर मलाही कळतं.) बाबा म्हणाले, "पाठवणाऱ्याच्या वळणावर गेलंय. चालायचं पुढे आणि तोंड मागे." झालं! त्यांना स्वतःला दुरुस्त करता येत नाही असं नाही, इतर बहुतेक इंजिनांचे दिवे त्यांनीच तर ठरवलेत. पण "ज्यानं पाठवलं त्यानं बघावं" म्हणून हाताची घडी घालून बसले. बाकीची इंजिनं शेडमध्ये उभी, आणि रोज संध्याकाळी हे एकच उलट्या दिव्यांचं इंजिन गोल गोल फिरतंय, आणि बाबा त्याच्याकडे बघत बसलेत. जेवायला हाका मारल्या तरी उठत नाहीत. ताईला ते बघवेना. ती मला म्हणाली, तुम्ही करून टाका ना, दिवेच तर आहेत. दिवेच तर आहेत म्हणे!

आता तुला हे सगळं ठाऊक आहे, पण मला ठाऊक झालंय हे तुला कळावं म्हणून सांगतो. प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढी चिप असते. त्या चिपमध्ये कप्पे, कप्प्यांना नंबर, आणि प्रत्येक कप्प्यात एक आकडा. कुठल्या कप्प्यात कुठला आकडा, त्यावर कुठला दिवा कधी लागायचा ते ठरतं. मला वाटलं, आमच्या औषधाच्या दुकानासारखंच की हे! तिथंच फसलो. दुकानात कप्पा चुकला तर गिऱ्हाईक परत येऊन भांडतं तरी. सोबतचं माहितीपत्रक कुठल्या भाषेतून कुठल्या भाषेत आलंय देव जाणे. "दिव्याची इच्छा पुढील दिशेस असल्यास" असं एक वाक्य त्यात आहे, त्या दिव्याच्या इच्छेपायी माझी एक आख्खी दुपार गेली. पहिल्यांदा मी दिशेचा कप्पा बदलला. म्हटलं, इंजिनालाच उलटं वळवू, दिवे आपोआप सरळ होतील. तर "पुढे" म्हटलं की इंजिन मागे पळायला लागलं, आणि दिव्यांनीही निमूटपणे बाजू बदलली. म्हणजे जिकडे निघालंय तिकडे पुन्हा लालच! (नवरा-बायकोत इतकी एकी मी पाहिलेली नाही. तुझ्या ताईला हे वाक्य वाचून दाखवू नकोस.)

इथं थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण पत्रकात शेवटी लिहिलं होतं, काहीच जमेना तर आठव्या कप्प्यात आठ घाला, इंजिन कारखान्यातून निघताना होतं तसं होईल. घातले. आता बाबांच्या टेबलाच्या कडेला हातभर रुळाचा एक सुटा तुकडा आहे. मला वाटायचं, नादुरुस्त इंजिनांसाठी असेल. बाबा तर त्यावर चहाचा कप ठेवतात. तर आकडे भरायचे ते इंजिन त्या तुकड्यावर एकटं ठेवून आणि बटणाच्या पेटीवरचा खटका तिकडे वळवून. मोठ्या रुळावर भरायला गेलात तर तिथं उभ्या असलेल्या झाडून सगळ्या इंजिनांना ते ऐकू जातं. कानात सांगायची गोष्ट मी लाउडस्पीकरवरून सांगितली! सगळी इंजिनं दिव्यांचे आकडे आणि आपापला नंबर (जो लावला की तेवढंच इंजिन चालतं तो) विसरली आणि कारखान्यात सरसकट मिळतो तो तीन नंबर घेऊन उभी राहिली. मला काय कल्पना? पत्रकात म्हटल्याप्रमाणे तुझ्या इंजिनासाठी मी तीन लावून बटण फिरवलं. अरे, आख्खी शेड चालू लागली! मालगाडीचं इंजिन, एक्स्प्रेसचं इंजिन, ते डबे ढकलणारं ठेंगणं, सगळी एकदम. दोन पुलावर समोरासमोर आली आणि एकमेकांना ढकलत बसली, ठेंगणं भिंतीवर आपटलं, आणि तुझं इंजिन सगळ्या गोंधळातून पुढे लाल दिवा लावून ऐटीत निघून गेलं. (ते कारखान्यातूनच उलटं आलेलं, त्याला काय फरक पडणार!) घाबरून बटण उलटं फिरवलं, तर सगळी वरात मागे निघाली. तेवढ्यात ताई दारात आली, "झालं का?" म्हणाली. मी म्हटलं, झालं.

बाबा रागावले नाहीत रे, तेच वाईट. रागावले असते तर मी दुकानात पळून गेलो असतो. खुर्चीत बसून त्यांनी एकेक इंजिन हातात घेतलं, पुसलं, तपासलं. मग म्हणाले, "मालगाडीचा दिवा कंदिलासारखा लुकलुकायचा. ते त्यानं केलं होतं, शाळेत असताना. मला नाही जमायचं तसं." त्यानं म्हणजे तू. नाव घेतलं नाही, पण भांडण झाल्यापासून टोमण्यावाचून तुझा विषय त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला. मला फार वाईट वाटलं, स्पष्टच लिहितो. आणि तुम्हा दोघांचा कंटाळाही आला. एक जण मुकाट्यानं इंजिन पाठवतो, दुसरा मुकाट्यानं ते फिरवत बसतो, आणि मधल्या मध्ये मी टेबलाखाली.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढचे-मागचे दिवे अदलाबदल करायला कुठल्या कप्प्यात काय घालायचं ते एका पोस्टकार्डावर लिहून पाठव. तेवढं झालं की मी या घरच्या रेल्वेतून कायमचा निवृत्त होईन. ताईचे आशीर्वाद. बाबांचेही. (त्यांनी सांगितलेले नाहीत, मी आपले माझ्या जबाबदारीवर घालतो.)

तुझा दमलेला,
भावजी

ता.क. पोस्टकार्ड नको. खरं सांगतो, ते नुसतं निमित्त होतं, दिवे कालच नीट झाले. बाबांनी बाकीची इंजिनं मार्गी लावली, आणि तुझं मी त्या तुकड्यावर एकटं ठेवून, तेहतीस आणि चौतीस या दोन कप्प्यांतले आकडे अदलाबदल करून, सरळ केलं. पुढे पांढरा, मागे लाल, अगदी बघत राहावं असं! मोठ्या हौसेनं बाबांना दाखवलं. "छान," म्हणाले, इंजिन खोक्यात घातलं, खोलीचं दार ओढून घेतलं, आणि आज दिवसभर तिकडे फिरकलेसुद्धा नाहीत. बिघडलेलं होतं तोवर तू येशील अशी आशा होती त्यांना. ती मी दुरुस्त करून टाकली. तेव्हा काही कारण नसताना ये, पण ये.

ता.क. दुसरा. पाकिटाला डिंक मागायला बाबांकडे गेलो, तर त्यांनी न विचारता पत्र काढून घेतलं आणि पहिल्या ओळीपासून वाचलं. "ठेंगणं भिंतीवर नाही, सिग्नलवर आपटलं," एवढी दुरुस्ती सुचवली. मग वरच्या ता.क.वर बोट ठेवून म्हणाले, "हे खोडा." मी म्हटलं, खोडलं तर पत्र खोटं होईल, दिवे तर नीट झालेत. माणसानं खोटं लिहू नये हे त्यांना पटलं. उठले, दार उघडलं, आपला चहाचा कप माझ्या हातात दिला, तुझं इंजिन खोक्यातून काढून त्या सुट्या तुकड्यावर ठेवलं, आणि मी ज्याच्यासाठी कंबर मोडून घेतली ते काम कपातला चहा गार व्हायच्या आत उलटं करून टाकलं. आता पुन्हा पुढे लाल, मागे पांढरा. आणि शेजारी उभे राहून मला सांगतायत ते जसंच्या तसं लिहितो: दिवे बिघडलेले आहेत, जावयाच्यानं काही होत नाही, ज्यानं पाठवलं त्यानं येऊन बघावं, आणि काम एका दिवसाचं नाही, राहायच्या तयारीनं यावं.