खाली पडलेलं फडकं

आबा,

काल मी माझ्या मुलीच्या कानाखाली मारली. एकोणीस वर्षांची आहे ती, तुम्ही गेल्यानंतर तीन वर्षांनी झालेली. तुम्ही तिला पाहिलं नाहीत ते बरंच झालं, असं मी इतकी वर्षं म्हणत आले. एक मारली, थांबले नाही, दुसरी मारली. ती कान धरून खाली बसली तेव्हा तिसऱ्यांदा उचललेला हात एका गिऱ्हाइकानं धरला. हे तुम्हालाच का सांगतेय, तर दुसऱ्या कुणाला सांगितलं की ते म्हणतील, होतं असं, आईच आहेस ना. तुम्हाला मात्र नेमकं कळेल काय झालं ते. जन्मात एकच काम तुम्ही मला नीट शिकवलंत आणि त्याच कामावरून हे झालं.

सांगलीत मिरजेच्या रस्त्याला माझं वॉशिंग सेंटर आहे. मुलीचे पप्पा तुमच्यासारखेच फौजेत, ते तिकडं आणि मी इथं पंप आणि पाइप घेऊन. काल खंडेनवमी. ज्याला त्याला पूजेच्या आधी गाडी चकचकीत हवी, त्यामुळं सकाळपासून रांग. एक तरणा पोरगा नवी काळी गाडी घेऊन आला होता. काळ्या रंगावर काय काय दिसतं ते तुम्हाला सांगायला नको. इथलं बोअरचं पाणी जड, ऊन लागलं की पत्र्यावर पांढरे ठिपके धरतात आणि मग ते निघता निघत नाहीत, म्हणून धुतल्या धुतल्या पुसून घ्यावं लागतं. मी दारं घेतली होती, मुलगी बॉनेटवर होती. तिच्या हातातलं फडकं निसटून खाली पडलं. तिनं ते उचललं, दोनदा झटकलं आणि परत बॉनेटवर ओढलं. शेजारी पंप धडधडत होता, तरी ती बारीक करकर मला ऐकू आली. मी माझ्या हातातलं फडकं पिळलं, दोरीवर टाकलं, त्याची दोन्ही टोकं जुळवली, आणि मग तिच्याकडं गेले. हे टोकं जुळवणं मला दवाखान्यातल्या बाकावर बसल्यावर आठवलं. ते माझं नाही, तुमचं आहे.

कवठे महांकाळच्या त्या रॅम्पवर मी उभी आहे, सहावीतली. तुम्ही मिलिटरीत ट्रक चालवून परत आलात आणि स्टँडच्या पुढं गाड्या धुवायचं सुरू केलंत, जिथं माणसांना प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघावी लागायची. आई हौदातनं बादल्या काढतेय. सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याची गडद निळी मोटार आलीय. तुम्ही टपावर आहात, खाली दारावरचं पाणी वाळायला लागलंय, डाग धरायला लागलेत, आणि आई बिचारी तुम्हाला मदत करायची म्हणून पदरानं दार पुसते, गोल गोल, ताट पुसावं तशी. तुम्ही बघता. हातातलं ते गाडी पुसायचं पिवळं मऊ कातडं, मिलिटरीतनं आणलेलं, सावलीतल्या दोरीवर टाकता, टोकाला टोक लावता. मग आईचे केस धरता आणि गाडीला धक्का लागू नये म्हणून तिला चार पावलं लांब ओढत नेता. मी ती चार पावलं कधीच विसरले नाही, आबा. पाइपचा तुकडा पाठीत बसतो, मग मानेवर, मग तोंडावर. आई एवढंच म्हणते, "आवं, पोरगी बघतीया." तुम्ही म्हणता, "बघू दे की. शिकंल." आईचा पुढचा दात त्या दिवशी गेला. लोकांना ती सांगायची, हौदावर घसरले.

आणि त्यानंतर तुम्ही काय केलंत. हात धुतलेत. कातडं दोन पाण्यांतनं काढून पिळलंत आणि त्या दारापाशी उकिडवे बसलात. मला हाक मारलीत. मी आले, कारण न येण्याची हिंमत नव्हती. तुम्ही दाखवत होता, मी बघत होते. आधी नुसत्या पाइपनं, जोर न लावता, वरून पाणी सोडायचं, म्हणजे पाणीच पाण्याला ओढून खाली नेतं आणि पुसायला थोडंच उरतं. मग कातडं पत्र्यावर पसरायचं, दोन कोपरे चिमटीत धरायचे आणि आपल्याकडं सरळ ओढायचं. दाबायचं नाही, त्याचं त्याचं वजन पुरे. गोल फिरवायचं नाही. टप, काचा, बॉनेट, दारं, असं वरून खाली यायचं, आणि चाकाजवळच्या चिखलाच्या पट्ट्याला वेगळं फडकं. खाचेत पाणी असेल तर नुसतं टिपायचं, न्हालेल्या बाळाचं अंग टिपतात तसं. "आन कापड भुईवर पडलं की त्ये मेलं," तुम्ही म्हणालात. "झाडलं म्हणून जित्तं हुत न्हाई. कच आत बसती. त्ये चाकाला." इतक्या हळू आवाजात बोलत होता. तुमच्या मागं हौदाच्या कडेला आई तोंडातलं रक्त थुंकत होती. एवढा हलका हात तुमच्याकडं होता, आबा. म्हणजे हलका हात कसा असतो हेच या माणसाला ठाऊक नव्हतं, असं म्हणून तुम्हाला माफ करायची सोयसुद्धा तुम्ही ठेवली नाहीत.

मलाही मारलंत, ते काय सांगू. पोटऱ्यांवर पाइपचे वळ घेऊन शाळेत गेले, कवायतीला उभी राहिले. एकदा गाडीचा आरसा तुटला म्हणून हौदात मान दाबून धरली होतीत, नाकातोंडात पाणी गेलं, मी मरणार असंच वाटलं. पण ज्याचा मला जास्त राग येतो ते हे नाही. मी नववीत होते. तुम्ही एका साहेबाची जीप मला एकटीला पुसायला दिलीत आणि लांबून बघत राहिलात. संपल्यावर उन्हात डोळे बारीक करून बॉनेटवर आडवी नजर टाकलीत, एक रेघ सापडली नाही. मग ते पिवळं कातडं घेतलंत, कात्रीनं मधोमध कापलंत आणि अर्धं माझ्या हातात दिलंत. "घे. तुज्या हातात हाय ते," म्हणालात. लय आनंद झाला मला. मी हवेत होते. आई भाकरी वाढत होती, तिच्या तोंडातली ती काळी फट समोर होती, आणि मला ती दिसलीच नाही. एका कातड्याच्या तुकड्यात तुम्ही मला तुमच्या बाजूला ओढलंत. त्या बापाचा राग आला तरी समजू शकते, पण त्या नववीतल्या पोरीचा येतो त्याचं मी काय करू.

तुम्ही गेलात तेव्हा मी रडले नाही. बायका म्हणाल्या, पोरीला धक्का बसलाय. धक्का कसला, मोकळी झाले होते मी. आई त्या महिन्यापासून दुपारची झोपायला लागली. आडवी व्हायची आणि गाढ झोपायची, कुणी दार वाजवलं तरी दचकायची नाही. मी ठरवलं होतं, काम ठेवायचं आणि माणूस टाकून द्यायचा. बावीस वर्षं मला वाटत होतं की ते जमलंय.

काल पहिला हात बसला तेव्हा मला बरं वाटलं. हे कागदावरसुद्धा लिहायला जड जातंय, पण खोटं लिहायचं तर तुम्हाला कशाला लिहू. एका क्षणापुरतं आत काहीतरी सुटलं, घट्ट बांधलेलं. मग दुसरी त्यासाठीच मारली. तुम्हालाही असंच वाटायचं का, हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं. आम्ही समजायचो, रागाच्या भरात तुम्हाला भान राहत नाही. भान होतं. कातडं दोरीवर टाकण्याइतकं होतं.

तो गाडीवाला पोरगा पांढराफटक पडला होता. "आवं काकू, ऱ्हाऊ द्या की. ओरखडाच हाय," म्हणाला. मुलगी उठली आणि म्हणाली, "आई, या बाजूनं मला ऐकू येत न्हाई." मी रिक्षा केली. रिक्षात तिच्या कानातनं रक्ताचा थेंब मानेवर आला होता, तो मी टिपायला गेले तर तिनं मान मागं घेतली. आणि अशा वेळी मी काय बोलावं, आबा? "पण फडकं पडलं होतं का नव्हतं?" मीच बोलले हे. मारून झाल्यावर तुम्ही समोर उभं करायचा आणि "चुकलं म्हण" म्हणायचा, म्हटल्याशिवाय सोडायचा नाही. आई म्हणायची, मी म्हणायची. मुलीनं तो थेंब स्वतःच पुसला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कसं लागलं?" ती सरळ म्हणाली, "आईनं मारलं." आपल्या घरात असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

कानाच्या पडद्याला भोक पडलंय. बाई म्हणाल्या, बहुतेक आपोआप भरेल, महिना-दोन महिने कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, नाही भरलं तर ऑपरेशन. बॉनेटवरचा ओरखडा मी परत आल्यावर पॉलिशनं काढला. वीस मिनिटं लागली.

आज दसरा. सेंटर बंद ठेवलंय. सकाळी तिनं बॅग भरली आणि साताऱ्याला माझ्या धाकट्या बहिणीकडं निघाली. स्टँडवर मी सोडायला गेले, ती नको म्हणाली नाही. बस लागल्यावर बऱ्या बाजूचा कान माझ्याकडं करून उभी राहिली. "परत येशील ना?" मी विचारलं. ती म्हणाली, "आत्ता विचारू नगस. पडलेलं फडकं वापरायचं नसतं, मला माहितीय. माझी चूक होती ती. पण ते मी तुला मार खाऊन सांगणार न्हाई." बहिणीचा मघाशी फोन आला, पोचली म्हणून. माझ्याशी बोलायला मुलगी आली नाही.

तिच्या कॉलेजच्या जुन्या वहीची मागची पानं फाडून हे लिहिलंय. ते पाठवायचा प्रश्नच येत नाही. तिला मेसेज मात्र पाठवता येतो, तो दुपारपासून लिहून ठेवलाय. "माझं चुकलं बाळा. कान कसा आहे?" एवढाच पुरे होता. त्याच्या खाली मी आणखी एक ओळ लिहिलीय, फडक्याची. चारदा खोडली आणि चारदा परत लिहिली. ती ओळ आहे तोवर मेसेज पाठवायचा नाही, एवढं मला कळतं. आणि ती अजून तिथंच आहे.