पाचशेला तीन कमी

३ मार्च

आपल्या देशाची खोकी आली आज! आठ देश मिळून ही विकास संस्था चालवतात. प्रत्येकाकडून घरोघरी माणसं मोजून भरलेले फॉर्म इथे येतात. मी टाचण्या उपसतो, कागद सरळ करतो, यंत्रात घालतो. शिक्षण सहावी. आपली लिपी वाचता येते म्हणून ठेवलंय, नाहीतर मला कोण विचारतंय.

पाचशे माणसं भरतील त्या वस्तीला दवाखाना, असा यंदाचा नियम. आमची वस्ती पाचशेच्या आसपास असेल. जेवणाच्या सुट्टीत आमचा गठ्ठा शोधत बसलो. नाही सापडला.

४ मार्च

सापडला. बेरीज ४९७.

तीन कमी!

आमच्या घराचा फॉर्म काढला. अण्णा, आई, दादा, वहिनी. मी नाहीच. मागे बारीक अक्षरात छापलंय: सहा महिन्यांहून जास्त बाहेर असेल किंवा तेवढ्यासाठी निघाला असेल, तो धरू नये. मला तर दोन वर्षं झाली.

वहिनीला सातवा लागलाय. पहिल्या खेपेला दवाखाना तीन तासांवर होता. बाळ वाटेतच गेलं.

६ मार्च

अण्णांना फोन. म्हटलं, मोजणीवाला आला तेव्हा माझं नाव का नाही घातलं? तर म्हणे, "त्यानं विचारलं, घरात कोण कोण राहतं. तू राहतोस का?"

फोन आपटला. जन्मात एक खोटं बोलता आलं नाही या माणसाला. आणि आम्ही भोगतोय.

७ मार्च

केलं एकदाचं. आमच्या फॉर्मवर पाचवा मी. शिंप्याच्या घरात त्याचा थोरला, माझा दोस्त भोपळ्या, त्याच्या घरात तो. दोघेही माझ्यासारखेच पोटासाठी बाहेर. तसल्या निळ्या शाईचं पेन मिळवायला तीन दुकानं पालथी घातली. बेरजेचा आकडा गिरवून बदलला. बरोब्बर ५००.

गठ्ठा बांधून परत खोक्यात ठेवला.

१३ मार्च

पकडलं. मला नाही, आकड्याला.

आमचा तपासनीस, त्याला सगळे चष्मा म्हणतात, पडद्यावरची तांबडी खूण दाखवत म्हणाला, "गोल आकडा आला की समजायचं, कुणीतरी घरी बसून ठोकून दिलाय." शेवटी दोन शून्यं असली की यंत्रच अडवतं. आता फेरमोजणी.

मी सहज विचारल्यासारखं केलं, ५०३ असते तर? हसला. "मग कोण बघतंय?"

आणखी तीन नावं लिहायला काय जात होतं माझ्या बापाचं! लागतील तेवढीच लिहिली. जास्त खोटं नको म्हणे. शेवटी अण्णांचाच मुलगा.

१४ मार्च

काही नाही. टाचण्या.

२ एप्रिल

फेरमोजणीचा गठ्ठा आला. ४८८. दवाखाना गेला.

शिंप्याचं घर बंद. भोपळ्याकडे फक्त म्हातारी. आमचा फॉर्म दोनदा बघितला: अण्णा, आई, मी. दादा नाही, वहिनी नाही!

घाबरून फोन लावला. अण्णा म्हणाले, "तू रागावला होतास ना, म्हणून या वेळी तुझं नाव सांगितलं. घरातच असतो म्हटलं." मग म्हणाले, "दादा-वहिनी निघालेत तुझ्याकडे. तुझ्या कचेरीसमोर मोठा दवाखाना आहे असं तूच म्हणाला होतास. ती दोघं काही लवकर परत येत नाहीत, म्हणून त्यांची नावं नाही दिली."

अण्णा पहिल्यांदा खोटं बोलले, तेही अर्धंच.

७ एप्रिल

आली दोघं. वहिनीचे पाय सुजलेत. तिला घेऊन समोरच्या दवाखान्यात गेलो. नाव घालायच्या खिडकीवर पाटी: या शहरात सहा महिने राहणाऱ्यांसाठीच. दादा माझ्याकडे बघायला लागला.

आतल्या बाईंनी विचारलं, "या किती महिने राहतात इथे?"

"सात," मी म्हणालो.

नेमके सहा सांगायचे नाहीत, एवढं शिकलोय.